ओव्हरक्लॉक केलेला वॉटर-कूल्ड संगणक भाराखाली पुन्हा पुन्हा बंद पडतो तेव्हा: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

घरचा डेस्कटॉप संगणक ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जास्त वेगाने चालवून, पाण्याच्या कूलिंगवर व्यवस्थित चालू असतो, काही महिने कोणतीही तक्रार नसते, आणि मग अचानक जड कामाच्या वेळी तो मंदावू लागतो किंवा बंद पडू लागतो. व्होल्टेज थोडे वाढवले किंवा पंखे जोरात फिरवले की काही दिवस बरे चालते आणि नंतर तोच त्रास पुन्हा सुरू होतो. हा बिघाड मी अनेक संगणकांवर दुरुस्त केला आहे. तो परत येण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: उष्णतेचा दोष आणि व्होल्टेजचा दोष वेगळे न करता उपाय केलेला असतो. म्हणून खालचा सगळा क्रम या दोन दोषांना एकमेकांपासून वेगळे करण्याभोवती रचला आहे.

लक्षणे

संगणक बंद न पडता नुसता मंदावत असेल, म्हणजे ५.२ गिगाहर्ट्‌झवर चालणारा प्रोसेसर काही क्षण ४.६ वर उतरून पुन्हा वर जात असेल आणि गतीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसत असेल, तर प्रोसेसर स्वतःच्या तापमानाच्या मर्यादेला टेकत आहे. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांत ती ९५ अंश आहे, आणि त्या मालिकेतील मोठे प्रोसेसर सर्व कोअरवर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-भागांवर) भार आला की मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठी बनवलेले आहेत. तिथे केवळ हा आकडा दिसला म्हणून कूलिंग बिघडले असे समजू नये. गती एकदम ०.८ गिगाहर्ट्‌झवर कोसळत असेल, तर मात्र संशय प्रोसेसरपेक्षा मदरबोर्डवरील व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर जायला हवा.

तापमान ठीक असताना निळा पडदा येणे किंवा संगणक आपोआप रीस्टार्ट होणे हे दुसरे लक्षण. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ (व्हिया म्हणजे हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी विंडोजची यंत्रणा) किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ असा संदेश आला तर प्रोसेसरला त्या गतीसाठी पुरेसे व्होल्टेज मिळत नसण्याची शक्यता मोठी असते, आणि ‘मेमरी मॅनेजमेंट’ वारंवार दिसत असेल तर आधी रॅमकडे पाहावे.

तिसरे लक्षण म्हणजे प्लग उपटल्यासारखा संगणक तत्क्षणी बंद होणे, निळा पडदाही न दिसणे. हे पॉवर सप्लायच्या संरक्षणामुळे होते किंवा प्रोसेसर अतितापाने शेवटचा उपाय म्हणून स्वतःला बंद करतो त्यामुळे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांवर एकत्र भार आला तरच असे होत असेल, तर पॉवर सप्लायचा संशय बळावतो.

यांखेरीज पंपाकडून गुरगुर किंवा खळखळ ऐकू येणे, आणि संगणक बंद न पडताच मोठ्या फाइल उघडताना किंवा प्रोग्राम कंपाइल करताना अधूनमधून चुका येणे, ही लक्षणेही याच कुटुंबातली आहेत. शेवटचे लक्षण सर्वांत घातक आहे, कारण अस्थिर संगणक तुमच्या फाइल न कळत खराब करत राहतो. ते दिसले तर तपासणी सुरू करण्याआधी ओव्हरक्लॉक काढून महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

पहिली तपासणी: नोंद ठेवा आणि ताप किती वेळात चढतो ते पाहा

या तपासणीला खर्च नाही, हत्यार लागत नाही, आणि मला सर्वांत जास्त माहिती हिच्यातून मिळते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये नोंद सुरू करावी, त्यात कोअरचे तापमान, गती, व्होल्टेज, प्रोसेसरचा वीजवापर, व्हीआरएमचे तापमान, पंपाचे फेरे आणि सेन्सर असेल तर पाण्याचे तापमान हे रकाने असावेत, आणि सिनेबेंच किंवा ओसीसीटी या चाचणी-प्रोग्रामचा सलग भार अर्धा तास द्यावा.

एक लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते. ३०० वॅटची सगळी उष्णता पाण्यातच साठत राहिली आणि रेडिएटरने (पाण्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या भागाने) काहीच बाहेर टाकली नाही, असे धरले तरी एका अंशाला जवळपास १४ सेकंद लागतात. रेडिएटर काम करत असताना पाणी आणखी सावकाश तापते आणि मोठ्या लूपमध्ये (पंप, रेडिएटर आणि नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याच्या मार्गात) स्थिर व्हायला वीस-तीस मिनिटेही घेते. कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेल्या तयार बंद कूलरमध्ये पाणी कमी असते, म्हणून तिथे हे काही मिनिटांतच घडते.

आता नोंदीतील पहिली पाच सेकंदे नीट पाहा. भार येताच दोन-तीन सेकंदांत तापमान ३८ वरून ९७ वर गेले असेल, तर त्या वेळी पाणी मुळीच तापलेले नसते, म्हणजे रेडिएटर आणि पंख्यांचा त्यात काही संबंध नाही. दोष चिप आणि पाणी यांच्या मधल्या वाटेवर आहे, किंवा व्होल्टेजच इतके जास्त आहे की ती वाट पुरेशी पडत नाही. याउलट तापमान आधी ७५ वर टेकून मग पंधरा-वीस मिनिटे सावकाश वर सरकत राहिले, तर पाण्यातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे दोष रेडिएटर, पंखे किंवा कॅबिनेटमधील हवेचा आहे. तापमान एका मिनिटाच्या आत चढून मर्यादेला भिडले आणि त्याच वेळी रेडिएटर हाताला थंड लागला, तर पाणी फिरतच नाही. हे तीन प्रकार ओळखता आले की पुढच्या अर्ध्या तपासण्या वाचतात.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही एकदा डोकवावे. तिथला कर्नेल-पॉवरचा इव्हेंट क्रमांक ४१ फक्त एवढेच सांगतो की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता, कारण सांगत नाही. त्यावरून पॉवर सप्लाय बदलण्याची घाई करू नये. व्हिया-लॉगरचा इव्हेंट क्रमांक १९ मात्र मोलाचा आहे, कारण तो सुधारल्या गेलेल्या हार्डवेअर चुकांची नोंद असतो. संगणक अजून पडलेला नाही, पण काठावर आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरी तपासणी: मूळ सेटिंगवर परत जा

आधी सध्याच्या सर्व सेटिंगचे फोटो काढून ठेवावेत, मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) मूळ सेटिंग लोड करून तोच अर्ध्या तासाचा भार पुन्हा द्यावा. रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलही (रॅमची गती वाढवणारी तयार सेटिंग) या वेळी बंदच हवे, कारण तेसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, हे पुष्कळ जण विसरतात. आणखी एक गोष्ट पाहावी: अनेक मदरबोर्ड ‘मूळ’ सेटिंगमध्येही इंटेल प्रोसेसरच्या वीजमर्यादा काढून टाकतात, म्हणून त्या मर्यादा इंटेलने ठरवलेल्या आकड्यांवर आहेत याची खात्री करावी.

मूळ सेटिंगवर सगळे सुरळीत चालले, तर प्रथम फक्त रॅमचे प्रोफाइल चालू करून मेमटेस्ट या रॅम-चाचणीच्या किमान चार पूर्ण फेऱ्या घ्याव्यात आणि त्या निर्दोष झाल्या तरच प्रोसेसरचा ओव्हरक्लॉक परत लावावा. दोन्ही एकदम लावले की पुढची चूक कोणामुळे झाली ते सांगता येत नाही. मूळ सेटिंगवरही तापमान जास्तच असेल, तर व्होल्टेजचा विचार बाजूला ठेवून कूलिंगकडे वळावे. मूळ सेटिंगवर तापमान कमी आणि तरीही संगणक कोसळतो, असे असेल तर हा ओव्हरक्लॉकचा प्रश्नच राहत नाही. थेट शेवटच्या भागाकडे जावे.

तिसरी तपासणी: पंपाला पूर्ण वीज मिळते का

बिघाड ‘पुन्हा’ येण्याचे सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण मला इथे सापडते. बायोस अपडेट केले किंवा सीमॉस (बायोसच्या सेटिंगची स्मृती) रीसेट केले की पंखे आणि पंप यांच्या सेटिंगही पुसल्या जातात, आणि पंप ज्या हेडरवर (मदरबोर्डवरील जोडणीवर) आहे तो पुन्हा स्वयंचलित वक्रावर येतो. परिणामी पंप प्रोसेसरच्या तापमानानुसार कमी-जास्त फिरू लागतो. मालकाला आपण काही बदलले आहे याची कल्पनाही नसते. तीन वायरवरून थेट वीज घेणाऱ्या पंपाचा हेडर बायोसमध्ये नेहमी पूर्ण १२ व्होल्टवर ठेवावा. डी५ जातीच्या मोठ्या पंपांना वीज पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स तारेतून मिळते, कारण पंख्याचा साधा हेडर सहसा १ अँपिअरपर्यंतच वीज देतो. त्यांची हेडरला जाणारी तार केवळ फेरे मोजते किंवा गती ठरवते. फेऱ्यांचा आकडा पंपाच्या माहितीपत्रकातील आकड्याशी जुळवून पाहावा.

मात्र पंप फिरतो म्हणजे पाणी वाहते असे नाही. भार चालू असताना ब्लॉककडे (प्रोसेसरवर बसवलेल्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे) येणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावावा. मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल आणि २०० वॅट उष्णता त्यात जात असेल, तर दोन नळ्यांतील फरक एका अंशाहून कमी असतो आणि तो हाताला कळत नाही. एक नळी गरम आणि दुसरी स्पष्टपणे गार लागली, तर प्रवाह फार मंद आहे: पंप दुबळा झाला आहे, नळी कुठेतरी पिळली गेली आहे किंवा आत काही अडकले आहे.

चौथी तपासणी: धूळ, हवा आणि खोलीचे तापमान

रेडिएटरच्या ज्या बाजूने हवा आत शिरते त्या बाजूला, पंखा आणि फिन (धातूच्या पातळ पट्ट्या) यांच्या मध्ये, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. पंखा न काढता तो दिसत नाही, म्हणून पंख्याचे स्क्रू सोडून पाहावेच. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण जोरात फिरवले गेले तर बेअरिंगला इजा होऊ शकते. पंख्यांची गती प्रोसेसरच्या तापमानाला न जोडता पाण्याच्या तापमानाला जोडता आली तर उत्तम, कारण पंखे प्रत्यक्षात पाणी थंड करत असतात.

पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही आणि खोलीतला प्रत्येक जादा अंश जवळजवळ तसाच्या तसा प्रोसेसरच्या तापमानात उतरतो. थंड दिवसांत काठावर जमवलेला ओव्हरक्लॉक गरम दिवसांत कोसळणे यात नवल नाही. पूर्ण भाराखाली पाणी खोलीपेक्षा १० ते १५ अंश जास्त असणे चांगल्या लूपचे लक्षण आहे. ते ६० अंशांच्या जवळ जात असेल तर ताबडतोब थांबावे, कारण बहुतेक पंप आणि कडक प्लास्टिकच्या नळ्या तेवढ्या तापमानासाठी बनवलेल्या नसतात.

पाचवी तपासणी: पाण्याची पातळी आणि अडकलेली हवा

हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते. बंद कूलरमध्ये पंप ही सर्वांत उंच जागा झाली असेल, तर गुरगुर ऐकू येते, प्रवाह तुटतो आणि पंप झिजतो. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असलाच पाहिजे. नळ्यांच्या भिंतींतून पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे निसटत असल्यामुळे सुरुवातीला शांत असलेला कूलर तीन-चार वर्षांनी गुरगुरू लागतो. उघड्या, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या, लूपमध्ये टाकीची पातळी पाहून डिस्टिल्ड पाणी किंवा तेच कूलंट भरावे आणि संगणक थोडा कलता करून बुडबुडे टाकीकडे येऊ द्यावेत.

सहावी तपासणी: व्होल्टेज

इथे थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण अस्थिरता दिसली की व्होल्टेज वाढवायचे ही सवयच पुष्कळांचा बिघाड परत आणते. प्रोसेसरचा स्विचिंगमध्ये जाणारा वीजवापर गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर हा वापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो, त्यातले २१ टक्के एकट्या व्होल्टेजचे. गरम झालेल्या चिपला तीच गती टिकवायला आणखी व्होल्टेज लागते, ते दिले की ती आणखी तापते, आणि कूलर कितीही मोठा असला तरी हे चक्र एका ठिकाणी त्याला हरवते. म्हणून माझा ठाम सल्ला असा की आधी गती १०० मेगाहर्ट्‌झने कमी करून पाहावी. बहुतेक कामांत हा फरक जाणवतही नाही, आणि व्हियाच्या नोंदी तेवढ्याने थांबल्या तर निदान पक्के होते.

बायोसमध्ये लिहिलेले व्होल्टेज आणि भाराखाली मिळणारे व्होल्टेज एकच नसते. भार आला की ते खाली बसते, आणि ते किती बसू द्यायचे हे लोड-लाइन कॅलिब्रेशन या सेटिंगवर ठरते. ही सेटिंग सर्वांत कडक पातळीवर ठेवली, तर भार सुटण्याच्या क्षणी व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळते, आणि ती उसळी इतकी क्षणिक असते की नोंदीत दिसत नाही. मधली पातळी ठेवून भाराखालचे व्होल्टेज पाहणे हेच योग्य.

पाण्याच्या कूलिंगचा एक तोटा क्वचितच बोलला जातो. साध्या कूलरचा पंखा प्रोसेसरबरोबर सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) आसपासच्या भागांवरही वारा घालतो. वॉटर ब्लॉक बसवला की तो वारा थांबतो आणि व्हीआरएम गरम होत राहतो. प्रोसेसर ७५ अंशांवर निवांत असताना व्हीआरएम शंभराच्या पुढे गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. गती ०.८ गिगाहर्ट्‌झवर कोसळण्याचे कारण बहुधा हेच असते, आणि उपाय म्हणजे त्या भागावर रोखलेला एक छोटा पंखा.

पूर्वी पक्का असलेला ओव्हरक्लॉक त्याच तापमानात आता जास्त व्होल्टेज मागू लागला असेल, तर चिप झिजत आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, सुधारित मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून मिळणारा प्रोसेसरचा अंतर्गत कोड) दिला आणि त्या प्रोसेसरांची हमी २ वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करणे ही पहिली पायरी आहे. पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. रायझेन ७००० च्या बाबतीत काही एक्स३डी (जादा कॅश मेमरी असलेले) प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने २०२३ मध्ये एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, म्हणून तिथेही जुन्या बायोसवर राहू नये.

सातवी तपासणी: ब्लॉकची बैठक आणि थर्मल पेस्ट

पहिल्या तपासणीत तापमान दोन-तीन सेकंदांत उडी मारत असेल आणि व्होल्टेज वाजवी असेल, तर आता ब्लॉक काढावा लागतो. काढण्याआधी संगणक काही मिनिटे भाराखाली चालवून थर्मल पेस्ट (ब्लॉक आणि प्रोसेसर यांच्या मधला उष्णता वाहणारा लेप) मऊ करावी, मग तो बंद करून प्लग काढावा आणि ब्लॉक हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये सरळ ओढला तर प्रोसेसर ब्लॉकला चिकटून पिनांसकट बाहेर येतो.

पेस्टचा ठसा पुसण्यापूर्वी नीट पाहावा. मध्यभागी पेस्ट पातळ, जवळजवळ पारदर्शक झालेली हवी. एका बाजूला ती जाड राखाडी राहिली असेल, तर ब्लॉक तिरका बसला होता. मध्यभाग कोरडा आणि सगळी पेस्ट कडेला सरकलेली असेल, तर तापण्या-निवण्याच्या चक्रांनी ती बाहेर ढकलली गेली आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या छिद्रांमधील अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या एलजीए १२०० चे ७५ होते. जुने ब्रॅकेट जमवून बसवले असेल तर दाब कधीच पुरेसा पडत नाही. स्क्रू घट्ट करताना समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने दोन-दोन फेरे द्यावेत.

आठवी तपासणी: लूप उपसणे

सर्वांत कष्टाचे काम म्हणून हे शेवटी, आणि फक्त उघड्या लूपसाठी. कोल्ड प्लेटवरील (ब्लॉकच्या प्रोसेसरला टेकणाऱ्या तळावरील) फिन इतक्या जवळ असतात की मऊ नळ्यांतून सुटणारा पांढुरका चिकट पदार्थ, रंगीत कूलंटमधला साका किंवा शेवाळ त्यांच्यात भरून बसतो. ब्लॉक उघडला की पाणी आत शिरते त्या मधल्या फटीजवळ हा थर सर्वांत दाट दिसतो. मऊ टूथब्रश आणि डिस्टिल्ड पाण्याने फिनच्या दिशेनेच घासावे, आडवे घासल्यास त्या वाकतात. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) तिच्या खाचेत परत नीट बसली आहे हे बोट फिरवून पाहावे. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच लूपमध्ये आढळला तर साफसफाईने काही साधणार नाही, कारण दोन धातूंमधील गंज तोच साका पुन्हा तयार करील, रेडिएटरच बदलावा. जोडल्यानंतर बाकी सर्व भागांची वीज तोडून केवळ पंप चालवावा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवावा आणि एक पूर्ण दिवस तो कोरडा राहिला तरच मदरबोर्डला वीज द्यावी. पंप कोरडा मात्र एक क्षणही चालवू नये.

कुठे थांबावे

मूळ सेटिंगवर, कमी तापमानात, व्हियाच्या चुका येत राहिल्या तर प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलून पाहिल्याशिवाय निदान होत नाही, आणि ते काम सुटे भाग हाताशी असलेल्या तंत्रज्ञाचे किंवा हमी केंद्राचे आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्हींचा भार एकत्र आल्यावर संगणक तत्क्षणी बंद होत असेल, जळका वास येत असेल, किंवा १२ व्होल्टची रेषा मल्टिमीटरवर ११.४ च्या खाली जात असेल, तर पॉवर सप्लाय बदलावा. तो कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर धोकादायक व्होल्टेज धरून असतात. बंद कूलरचा पंप गेला असेल तर तोही उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. सॉकेटच्या पिना वाकल्या असतील तर भिंगाखाली काम करणाऱ्याकडेच द्यावे.

वीज चालू असताना गळती दिसली, तर संगणकाच्या बटणाला हात लावण्याऐवजी आधी भिंतीवरचा स्विच बंद करावा. भागांवर पाणी पडले असेल तर ते स्वतः वाळवून चालू करून पाहण्यापेक्षा तंत्रज्ञाकडे न्यावे, कारण पाणी उडून गेले तरी कूलंटचा थर बोर्डावर राहतो आणि तो वीज वाहतो. नेताना लूप रिकामा करावा, आणि सोबत अर्ध्या तासाच्या भाराची नोंद, बायोस सेटिंगचे फोटो आणि आपण कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने केल्या त्याची यादी द्यावी. तंत्रज्ञाला नाहीतर तेच सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.